रजेपुरतं लग्न

श्रीरंगचं लग्न सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये झालं. ते झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण खरं लग्न गुरुवारी आहे.

त्याचं काय आहे, ऑनलाइन रजेच्या अर्जाचे नियम श्रीरंगनेच ठरवले होते. थापा बंद व्हाव्यात म्हणून त्याने रजेच्या कारणाचा फोटो सक्तीचा केला. वर्षभर नियम बदलायचे नाहीत, हा नियमही त्याचाच. आता त्याला स्वतःच्या लग्नासाठी रजा हवी होती आणि अर्ज लग्नाचा फोटो मागत होता.

"तुझ्या हुशारीपायी मी बोहल्यावर एकटी उभी राहू का?" असं म्हणत मैथिली मुंडावळ्या घेऊनच ऑफिसात आली. कँटीनवाल्या मावशींनी टेबलावरची चादर काढून अंतरपाट धरला. अकाउंट्सवाल्यांनी अक्षता म्हणून कच्चे पोहे उधळले. फोटो झकास आला, रजा मंजूर झाली.

मावशींनी तोच फोटो कौतुकाने स्टेटसला लावला. मावशी आणि मैथिलीची आई एकाच भिशीत आहेत.

श्रीरंगने तातडीने होणाऱ्या सासूबाईंना मेल पाठवला: "सदर विवाह फक्त कार्यालयीन कामापुरता ग्राह्य धरावा आणि आपण तो फोटो पाहिलेला नाही, असे सहीनिशी कळवावे, ही नम्र विनंती."