चौथी खेप

आठ क्रेट पालक मेसच्या मागच्या दाराशी ठेवून ढेकूळ बाजूला झाली. चपलांना कायम माती, म्हणून वसतिगृहाने तिचं हे नाव पाडलं होतं. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. तिच्यामागे शेतावरची बारा मुलंमुली ओल्या बाह्यांनी कुडकुडत उभी होती. सव्वासात वाजले होते. यातल्या निम्म्यांनी सूर्य उगवताना आज पहिल्यांदाच पाहिला असेल.

दार मावशींनी उघडलं. दोनशे ताटांचा स्वयंपाक त्यांच्या हाताखाली व्हायचा आणि उगाच हसायची त्यांना सवय नव्हती.

"पुन्हा आलात?"

"शेवटचं, मावशी."

शेवटचंच होतं. वसतिगृहामागच्या पडीक टेनिस कोर्टावर या मंडळींनी वर्षभर माती उकरली आणि मावशींनी तीनदा माल दारातूनच परत पाठवला. उन्हाळ्यात पालक फुलावर येऊन कडू झाला. पावसाळ्यात पानांपेक्षा चिखल जास्त. थंडी पडली, पाला छान तरारून आला, तर या शहाण्यांनी तो लेक्चरं संपल्यावर, भर दुपारी कापला. मावशींनी जुडी उचलली तशी ती ओल्या मोज्यासारखी लोंबली. "कुणाच्या ताटात जात नाही ते शेत कसलं? हौस आहे ती तुमची. अजून एकदा असा माल आणलात तर पुन्हा हे दार वाजवायचं नाही," त्यांनी बजावलं होतं. हौस हा शब्द ढेकूळच्या जिव्हारी लागला होता.

तेवढ्यात रोजचा भाजीवाला टेम्पोतून उतरला. खांद्यावरचं पोतं सावरत त्याने क्रेटमध्ये डोकावलं. "काय मंडळी, आजपण गवत का?"

उंट, म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, काहीतरी बोलणार होता. ढेकूळने त्याला कोपर मारलं.

मावशींनी वरच्या जुड्यांना हातही लावला नाही. पाचव्या क्रेटच्या तळातून एक ओढून काढली. देठ मोडला. कट्ट आवाज आला. मग पांढऱ्या एनॅमलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यांनी पानं खळबळून काढली आणि पाणी निवळायची वाट पाहत बसल्या. पावसाळ्यात याच पातेल्यातली चमचाभर वाळू त्यांनी ढेकूळच्या तळहातावर ठेवली होती.

पाणी निवळलं. तळाशी एक काळा ठिपका दिसला.

ढेकूळ पातेल्यावर वाकली. मावशींनी बोट घालून ठिपका नखाने खरवडला. तो हलेना. पातेल्याचाच टवका उडालेला होता.

"कधी कापला?"

"पाच वाजता. टॉर्च लावून."

"धुतला कितीदा?"

"तीनदा."

"चारदा," उंटाला राहवलं नाही. "परीक्षेलासुद्धा आम्ही इतके लवकर उठत नाही, मावशी."

मावशींनी एक कोवळं पान तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं. बारा जण त्यांच्या जबड्याकडे बघत होते. पान संपलं. त्यांनी पदराला हात पुसले, पहिला क्रेट स्वतः उचलला आणि आत ओट्यावर नेऊन ठेवला.

ढेकूळला एकदम रडू आलं आणि हसूही. मागे कुणीतरी दबक्या आवाजात शिट्टी मारली.

"माझा पालक कुठे ठेवू, ताई?" भाजीवाल्याने मावशींना विचारलं.

"बटाटे ठेव आत. पालक ने परत."

"का हो? माझा खराब निघाला का कधी?"

"छे, तुझा चांगलाच असतो," मावशी दुसरा क्रेट उचलता उचलता म्हणाल्या. "पण घरचा असताना विकतचा कशाला घ्यायचा?"