पढवलेलं उत्तर

"ग्रंथालय दिवसभर उघडं असतं, असंच सांगायचं," प्राचार्य खरातांनी कला महाविद्यालयाच्या मुलांना बजावलं. दुसऱ्या दिवशी मूल्यमापन समिती येणार होती.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या रेवती डोईफोडे संतापल्या. "सर, ग्रंथालयाला वर्षभर कुलूप आहे. मुलांना खोटं का पढवता?"

"कॉलेजचं मानांकन घसरेल, मॅडम. तुम्ही फक्त हसून उभ्या राहा."

समिती आली. अध्यक्षांनी मागच्या बाकावरच्या समिनाला विचारलं, "ग्रंथालयात काय वाचतेस?"

समिना गोंधळून रेवतीबाईंकडे पाहू लागली.

"खरं तेच सांग," बाई म्हणाल्या.

"सर, मी ग्रंथालय आतून पाहिलेलंच नाही."

समितीची पाठ वळताच खरात गरजले, "हेच शिकवता तुम्ही मुलांना?"

"हो सर," बाईंचाही आवाज चढला, "त्यासाठीच नेमणूक आहे माझी!"