काठोकाठ पियाला

शायरकुलने किटली वाकवली आणि बेगाइमचा पियाला आजही काठोकाठ भरला. ‘‘धन्यवाद, एजे,’’ बेगाइम म्हणाली. थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी ती शायरकुलला एजे म्हणायची.

समोरच्या टेबलावर दामिराने तोंडाला रुमाल लावला.

नारिन गावातल्या त्या पशुवैद्यक कचेरीत सकाळचा चहा शायरकुलच्याच हातचा. बाकीच्यांना ती अर्ध्या पियाल्याहून कमी ओतायची. आमच्याकडे माणूस हवासा असला की असंच ओततात. पियाला लवकर संपावा, पुन्हा द्यावा आणि बसणं लांबत जावं. भरून दिला की समजायचं, पी आणि ऊठ. हे शेंबड्या पोरालाही कळतं. बेगाइमला तेवढं कळत नव्हतं. आईबाप मजुरीला सायबेरियात गेलेले, ती तिथेच वाढली, आणि तिथे चहा भरूनच देतात.

उपप्रमुखाची खुर्ची शायरकुलला मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती मिळाली या कालच्या पोरीला. शायरकुलने आदळआपट केली नाही, अर्ज केला नाही. तिने पियाला भरायला सुरुवात केली, एवढंच. वाईटच होतं ते, पण तिच्या जागी कुणाचा जीव जळला नसता?

रोटी संपली होती. चहा संपवून बेगाइम कोपऱ्यावरच्या भट्टीकडे गेली, आणि ती बाहेर पडताच कचेरीचे प्रमुख तोलोगोन साहेब आत आले. शायरकुलने पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला. तिची बदली दूर आत-बाशी गावापलीकडच्या चौकीवर होणार, ही कुजबुज तिच्या कानावर आली होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. बदली म्हणजे तिला नोकरीच सोडावी लागणार होती.

साहेब उभ्याउभ्याच बोलले. शायरकुल त्या पोरीला छळते, तिला इथून हलवा, असं कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. दामिरा एकदम कागद चाळू लागली. शायरकुलच्या खिडकीजवळच्या टेबलावर तिचा किती दिवसांपासून डोळा होता.

‘‘म्हणून मी त्या पोरीलाच विचारलं,’’ साहेब म्हणाले.

‘‘काय म्हणाली?’’ शायरकुलने विचारलं.

‘‘म्हणाली, मला त्रास कसला? सगळ्यांना त्या घोटभर देतात, माझा पियाला तेवढा काठोकाठ भरतात. त्यांना पाठवलंत तर माझं इथे कोण आहे?’’

साहेबही नारिनचेच. त्यांनी एकदा किटलीकडे पाहिलं.

‘‘मी तिला काही समजावत बसलो नाही,’’ ते म्हणाले. ‘‘बदली रद्द केलीय.’’

ते गेले. शायरकुल किटलीच्या कानाला धरून तशीच उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बेगाइम आली ती कोटाच्या आत गरम रोटी धरून. तिने रोटी मोडली आणि पहिला तुकडा शायरकुलसमोर ठेवला. मग आपला रिकामा पियाला पुढे केला.

शायरकुलने ओतला. अर्ध्याहूनही कमी. एक थेंब जास्त पडू दिला नाही. दामिरा या वेळी हसली नाही.

बेगाइमने पियाल्यात पाहिलं, मग शायरकुलकडे. तिचा चेहरा उतरला.

‘‘एजे,’’ तिने हळूच विचारलं, ‘‘माझं काही चुकलं का?’’

‘‘नाही गं बाई,’’ शायरकुल म्हणाली. ‘‘तू पी. मी आहे इथेच.’’

आणि खुर्ची ओढून, किटली खाली न ठेवता, ती तिच्या शेजारी बसून राहिली.