आजीचा थर्मास

मॉन्टेव्हिडिओत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ब्राउलिओचा एकच हेका: गोष्टीचा शेवट लादायचा नाही, मन भरलं की खेळणाऱ्यानंच सांगावं. म्हणून त्याच्या गेममधली आजी दर प्रसंगात वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात कडू येर्बा चहा भरून पुढं करायची. खेळणाऱ्यानं आभार मानले, की थर्मासचं झाकण लावून दिवा मालवायची. गोष्ट संपली.

ऑफिसातले सगळे दिवसभर खेळून डोळे पुसत उठले.

मग कॅनडातल्या खेळाडूंचा निरोप आला. "आजी गोड आहे, पण गेम दोन मिनिटांत संपतो."

"कुठं बिघडलं गं?" ब्राउलिओनं कपाळाला हात लावला.

"कुठंच नाही," भागीदार मिर्ता भोपळ्यात गरम पाणी ओतत म्हणाली. "आपण आणखी नको असेल तेव्हाच आभार मानतो. ती सभ्य माणसं, बाबा. पहिल्याच घोटाला मानतात."