पांढरी चिठ्ठी

“नुसती नक्कल आहे,” बर्निस कोवाल शेजारच्या बाईला म्हणाली. आवाज मुद्दामच चढा ठेवला होता. कीबोर्डपाशी उभी राहून गाणाऱ्या मुलीलाही तो ऐकू गेला असता तरी बर्निसची काही हरकत नव्हती.

मुलीचं नाव मारिसेल. ब्रॉडवेवरच्या नाटकात ती जोसलिन वेअरची बदली नटी होती. जोसलिनचा आज आठचा प्रयोग, त्यामुळे घसा जपणं भाग होतं. म्हणून जोसलिनच्या सहीसाठी पुस्तकांच्या दुकानात जमलेल्या दोनशे माणसांपुढे दुसऱ्या अंकातलं दिव्याचं गाणं म्हणायला हिला उभं केलं होतं. जोसलिन स्वतः टेबलामागे बसून मध घातलेलं गरम पाणी पीत होती आणि बरोबर ठिकाणी डोळे मिटत होती.

“मी हे गाणं अकरा वेळा ऐकलंय,” बर्निस म्हणाली. “कुठे ती, कुठे ही. काळीज लागतं त्याला.”

“मला तर आवडलं बाई,” शेजारीण म्हणाली.

“तुम्ही किती वेळा पाहिलंय नाटक?”

“एकदाच.”

“मग बरोबर आहे.”

मधेच बर्निसचे डोळे चुरचुरले. दुकानात धूळ किती, असं म्हणत तिने ते पुसले.

बर्निस साधीसुधी प्रेक्षक नव्हती. क्वीन्सहून निघून ती सकाळी दहालाच रांगेत लागली होती आणि मनगटावर सात नंबरचा कागदी पट्टा मिरवत होती. तिने पाहिलेल्या पहिल्या प्रयोगाचं तिकीट, प्रोग्रॅमची छापील पुस्तिका, छतावरून पडलेले चंदेरी कागद, सगळं तिने प्लास्टिकच्या पाकिटात जपलं होतं. प्रोग्रॅममधून गळणाऱ्या पांढऱ्या चिठ्ठ्या मात्र ती जपत नसे. आजच्या प्रयोगात अमक्याऐवजी तमका, असलं काहीतरी त्यांवर छापलेलं असतं. ते वाचतं कोण? दिवे गेले की तोंडातला च्युइंगगम गुंडाळायला त्या बऱ्या पडतात.

आज तिला सहीपेक्षा एक वाक्य महत्त्वाचं होतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा नवरा मॉर्टी गेला. त्याने आधीच काढून ठेवलेलं तिकीट वाया जाऊ नये म्हणून ती नवव्या दिवशी एकटीच नाटकाला गेली. बाल्कनीची शेवटची रांग, तिथून नटीचं नाकही दिसत नव्हतं. पण नाटकातली दीपगृहाच्या राखणदाराची विधवा दिवा मालवताना गायला लागली आणि नऊ दिवस न रडलेली बर्निस ढसाढसा रडली. त्या रडण्याने ती वाचली. पुढे तिने दहा वेळा पुढच्या रांगांची तिकिटं काढली. तसं रडू मात्र पुन्हा आलं नाही. आपलंच काळीज म्हातारं झालं, असं तिने ठरवून टाकलं.

गाणं संपलं, रांग सरकली. टेबलावर जोसलिनच्या आत्मचरित्राचे ढीग होते. मुखपृष्ठावर तिचं नाव वीतभर, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सहलेखक हॅरिस लुबिन’. हा लुबिन तिच्या शेजारीच पेन उघडून बसला होता. आतापर्यंत त्याला फक्त एकाने विचारलं होतं, तेही स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून.

“सही फक्त पुस्तकावर,” दुकानातला माणूस म्हणाला. बर्निसने काढलेला मार्चचा प्रोग्रॅम पुन्हा काखेत गेला.

“तुम्ही माझा जीव वाचवलात,” ती जोसलिनला म्हणाली. पावणेदोन वर्षं घोकलेलं वाक्य होतं. “गेल्या वर्षी, मार्चमध्ये. शनिवारी दुपारचा प्रयोग. ते गाणं तुम्ही माझ्यासाठीच गायलात.”

जोसलिनने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळेसुद्धा भरून आले. “अगं, तो प्रयोग,” ती म्हणाली. “तो कशी विसरेन मी?”

“गेल्या वर्षीचा मार्च?” लुबिन म्हणाला. त्याने शांतपणे ढिगातलं एक पुस्तक उघडून पुढे सरकवलं. “प्रकरण नववं. घशाचं ऑपरेशन. अख्खा मार्च तू पाटीवर लिहून बोलत होतीस, जोसलिन. वाच एकदा. चांगलं पुस्तक आहे.”

जोसलिनने हात सोडला आणि गरम पाण्याचा घोट घेतला. “पुढे कोण आहे?” तिने विचारलं.

“मग गायलं कोण?” बर्निसने लुबिनलाच विचारलं.

त्याने बोट दाखवावं तसं पेनाने कीबोर्डकडे दाखवलं.

मारिसेल कीबोर्डच्या वायरीची गुंडाळी करत होती. बर्निस तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. मघाचं वाक्य पुन्हा म्हणायला गेली, तर सगळंच अडखळलं. मॉर्टी, बाल्कनी, शनिवार, जसं आठवेल तसं ती बोलत गेली आणि शेवटी प्रोग्रॅम पुढे करून म्हणाली, “यावर सही कर, पोरी. आणि मघाशी मी जे बोलले...”

“ते मी ऐकलं,” मारिसेल म्हणाली. पण ती प्रोग्रॅमकडेच बघत होती. तो घेऊन तिने पाकिटातल्या तिकिटावरची तारीख पाहिली. “तो माझा पहिला प्रयोग होता. ऐन वेळी उभी राहिले, त्यामुळे आई येऊ शकली नाही. कुणीच आलं नव्हतं माझं.” तिने पानं चाळली, मग प्लास्टिकचं पाकीट उलटं करून पाहिलं. “यात पांढरी चिठ्ठी होती. माझं नाव तेवढ्यावरच छापलेलं. माझ्याकडे एकही उरली नाही. तुम्ही एवढं सगळं जपलंय, म्हणजे ती घरी असेल ना?”

बर्निसच्या जिभेवर पुदिन्याची चव आली. चिठ्ठीची घडी, आतला चिकट गोळा, खुर्चीखालचा अंधार, सगळं तिला लख्ख आठवलं.

तिने मारिसेलचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळेसुद्धा भरून आले.

“अगं, ती चिठ्ठी,” बर्निस म्हणाली. “ती कशी टाकेन मी?”