कालवांचा सत्कार

“घाण कुठे जात नाही गं, नुसती जागा बदलते,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा सुनेने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. नवरा खाडी बचाव समितीचा सचिव, त्यामुळे घरात वर्षभर एकच विषय होता. धक्क्याखाली जाळीच्या पेट्यांत शिंपल्यांतली कालवं वाढवायची. ती गढूळ पाणी पितात आणि नितळ करून सोडतात. सांडपाण्याचे नाले बंद करण्याचा विषय मात्र दर वेळी पुढच्या बैठकीवर ढकलला जायचा.

वर्षाने खाडीचा तळ दिसू लागला आणि समितीने समारंभ ठेवला. “खरा मान आपल्या कालवांचा,” अध्यक्ष गहिवरून म्हणाले, आणि मंचावर ताटल्या आल्या. त्यांत तीच कालवं होती, शिंपले उघडून, वर लिंबू पिळून.

लेकाला कडेवर घेऊन सून मंचापाशी धावली. “अहो, खाऊ नका ती. वर्षभर नाल्याचं पाणी प्यायलीत.”

“तुला बाळाच्या खुळखुळ्यावरही जंतू दिसतात,” नवरा हसला. “पाणी बघ की, कसं आरशासारखं झालंय.” आणि त्याने तिसरं कालव घशाखाली उतरवलं.

खाडी आजही आरशासारखी आहे. तुमच्या घरचं कुणी काल त्या मंचावर असेल, तर हातातला फोन ठेवा आणि जरा बघून या. आधी संडासाचं दार वाजवा.