पिवळं धमक

ऐरणीवर पोलादी पट्ट्यांचा दुसरा गठ्ठाही घडीच्या पोळीसारखा पदर सोडून उलगडला. मच्छिंद्रला अशी भीती कधी वाटली नव्हती.

दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, तापवायच्या आणि ठोकून एकजीव करायच्या, म्हणजे पात्यावर लाटांची नक्षी उमटते. हडपसरात हे जमणारा तो एकटाच. आजही पट्ट्या घासून लख्ख केल्या होत्या. जोड धरावा म्हणून टाकणखार टाकला होता. पिवळं धमक झाल्यावरच लोखंड बाहेर काढलं होतं. तरी जोड धरत नव्हता. चाळीस वर्षांचा हात महिन्याभरात गेला कसा?

आता भट्टीत तिसरा गठ्ठा होता आणि त्यात ऋषी नावाच्या गिऱ्हाइकाच्या वडिलांची कुदळ होती. त्यांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या आयटी पार्कातच ऋषी नोकरीला होता. उद्या तो अमेरिकेला निघणार होता. वडिलांची म्हणून उरलेली ही एकच वस्तू, तिची सुरी करून त्याला सोबत न्यायची होती. ही फसली तर दुसरी आणायची कुठून?

त्याची बायको सोजरबाई चहा घेऊन आली. मच्छिंद्र कपात नुसता बघूनच खेकसला, आजही पांचट. मोतीबिंदू काढल्यापासून महिनाभर त्याची हीच कुरकुर चालली होती. चहा फिका, लुगडं भडक, भिंत निळसर.

बायकोनं कप ऐरणीच्या ठोकळ्यावर आपटला. "चहा त्योच हाय, पावडर बी तेवढीच. डोळं नवं हाईत तुमचं."

मच्छिंद्रनं भट्टीत पाहिलं. लोखंड पिवळं धमक झालं होतं. सांडशीकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला. सगळंच उजळ दिसतंय, मग लोखंड तरी कसं सुटेल? दिसतं तेवढं ते अजून तापलंच नसेल.

पण पिवळ्याच्या पुढे पोलाद जळतं, हे बापानं कानफटात देऊन शिकवलं होतं. पिवळं फिकटलं. मग पांढरट झालं. इतकं पांढरं लोखंड गेल्या कित्येक वर्षांत मच्छिंद्रनं पाहिलं नव्हतं.

"जळंल गं ते," तो म्हणाला. सोजरबाईनं त्याच्या हातात सांडशी दिली.

त्यानं गठ्ठा ऐरणीवर ठेवला, डोळे मिटले आणि हातोडा मारला. सात पट्ट्यांमधून एकच भरीव आवाज आला. जोड धरला होता.

मच्छिंद्रनं आणखी दहा-बारा घाव घातले, गठ्ठा पुन्हा भट्टीत सारला आणि मगच कप उचलला. चहा पार गार झाला होता. तो डोळे मिटूनच प्यायला.

"झकास झालाय," तो म्हणाला.